पेट्रोल कमी नाही, हवा जास्त झालीय

प्रश्न : मी पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली इथला वाचक. मागच्या दिवाळीत सेकंडहँड पल्सर २२० घेतली. मॉडेल २०१४ चं, पासिंग एमएच १२, मीटरवर ४१ हजार किलोमीटर. घेतली तेव्हा बरी होती, सकाळी चोक तेवढा लागायचा. आता लई मिसिंग मारायली. स्लो धरत नाही. हाफ रेसवर झटके देते. रेस सोडली की सायलेन्सरमधून फाटफाट आवाज येतो. मोठी रेस दिली की पळते, पण नव्वद-शंभरच्या पुढं जायचं नाव घेत नाही. औंढ्याला दर्शनाला गेलो तेव्हा गाडी गरम झाल्यावर तीनदा बंद पडली. किक नसल्यामुळं ढकलून ढकलून जीव गेला. मेकॅनिकनं प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा धुतला. आमच्या घरी हळदीचं पॉलिश चालतं, त्या धुळीनं फिल्टर चोक झाला असेल म्हणून फिल्टरच काढून ठेवला. दोन दिवस बरं वाटलं, मग जास्तच बिघडली. आता म्हणतो सीडीआय बदलू. साडेतीन हजार गेले. वडील म्हणतात, भंगार घेतलं, इकून टाक. खरंच इंजिन गेलं का?

उत्तर : पुसेगाव म्हटलं की बहुतेकांना सातारा जिल्हा आणि सेवागिरी महाराजांची यात्रा आठवते. हे पत्र त्या पुसेगावचं नाही, हळदीच्या मुलखातल्या पुसेगावचं आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या गाडीच्या दुखण्यात हळदीचा हात आहे. मात्र तुमच्या मेकॅनिकला वाटतं तसा नाही.

आधी वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. इंजिन गेलेलं नाही, निदान पत्रावरून तरी तसं दिसत नाही. बोर-पिस्टन खाल्लेलं इंजिन निळा धूर सोडतं, ऑइल पितं, आणि मोठ्या रेसवर तर आधी मान टाकतं. तुमची गाडी नेमकी उलटं करते. छोट्या रेसवर रडते आणि मोठ्या रेसवर पळते. साडेतीन हजार खर्च करण्याआधी कुणी या एका गोष्टीवर दोन मिनिटं विचार केला असता, तर ते पैसे तुमच्या खिशात राहिले असते.

तुमची गाडी कुठली, हेही इथं महत्त्वाचं आहे. पल्सर २२० पहिल्यांदा २००७ मध्ये आली तेव्हा तिला फ्युएल इंजेक्शन होतं. २००९ मध्ये कंपनीनं तेच मॉडेल कार्बोरेटरवर आणलं. जग कार्बोरेटरकडून इंजेक्शनकडं जात असताना ही गाडी उलट दिशेनं गेली, आणि तशीच विकली, खपली, गाजली. पुढं बीएस-६ आलं तेव्हा २०२० मध्ये तिला पुन्हा इंजेक्शन बसलं. म्हणजे तुमची २०१४ ची गाडी कार्बोरेटरची. मोबाईलवर बघून कुणी 'सेन्सर बदल', 'ईसीएम रिसेट कर' असं सांगत असेल, तर तो दुसऱ्याच गाडीबद्दल बोलतोय. तुमच्या गाडीत हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण पितळेच्या जेटला पाडलेली बारीक भोकं ठरवतात. भोक काही विचार करत नाही. हवा वाढली तरी ते जास्त पेट्रोल सोडत नाही.

आता तुमच्या पत्रातली लक्षणं शेजारी शेजारी मांडून बघा. सकाळी चोक लागतो. स्लो धरत नाही. रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके. गरम झाली की बंद. ही चारही लक्षणं एकच गोष्ट सांगतात : इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त जातेय. गॅरेजच्या भाषेत 'गाडी एअर घेते'. मिश्रण पातळ झालं की कधी ठिणगी पडूनही जळत नाही. ते न जळता सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथल्या गरम नळीत जाऊन फुटतं. तोच तुमचा फाटफाट.

मग मोठ्या रेसवर का पळते? समजा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर पडली आहे. त्या चिरेतून येणारी हवा थोडीच. स्लोवर इंजिन स्वतःच जेमतेम श्वास घेत असतं, शिवाय थ्रॉटल मिटलेला असल्यानं आतली ओढ जबर असते. अशा वेळी चिरेतली हवा फार मोठी ठरते. मोठ्या रेसवर इंजिन हवा ढोसत असतं, तिथं तेवढी चोरटी हवा कुणाला कळतही नाही. पेल्यातल्या पाण्यात लिंबू पिळलं तर तोंड आंबट होतं, हंड्यात पिळलं तर चवसुद्धा लागत नाही.

हे खरं आहे का, ते तपासायला एक पैसा लागत नाही. गाडी चांगली गरम करा. झटके द्यायला लागली की चोक हळूच अर्धा ओढा. चोक ओढला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. झटके कमी झाले, स्लो सुधारला, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त येतेय हे पक्कं. उलट गाडी गुदमरली, काळा धूर आला, तर माझं निदान चुकलं. मग पुढचं सगळं वाचायचं सोडून द्या आणि मला पुन्हा लिहा. मी पंचवीसेक वर्षं जुन्या गाड्या विकत घेण्याची खोड जोपासली आहे, पण चोकच्या या चाचणीइतका सरळ साक्षीदार मला दुसरा भेटला नाही.

चोकनं 'हो' म्हटलं की पुढची पायरी रबराची. कार्बोरेटरच्या पुढं, इंजिनच्या बाजूला, एक जाड काळा रबरी सांधा आहे, क्लिपांनी आवळलेला. दहा-बारा वर्षं इंजिनची धग आणि मराठवाड्याचा उन्हाळा खाऊन हा सांधा कडक होतो, त्याला आडव्या बारीक भेगा पडतात. वरून पाहिलं तर शाबूत दिसतो. अंगठ्यानं वाकवून खालची बाजू बघितली की भेग तोंड उघडते. गाडी गरम झाल्यावर त्रास वाढतो, त्याचंही हे एक कारण असू शकतं. गाडी स्लोवर चालू ठेवा, पिचकारीचं तोंड असलेल्या बाटलीनं या सांध्याभोवती थोडं पाणी मारा. पाणी, पेट्रोल नव्हे! पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर गरम इंजिनावर फवारून 'लीक' शोधणारे धाडसी लोक मी पाहिलेत. त्यातल्या एकाच्या भुवया पुढं तीन महिने उगवत होत्या. पाणी मारल्यावर स्लो बदलला, क्षणभर सुधारला किंवा गाडी बंद पडली, तर भेग तिथंच आहे. हे रबर बदलायचं असतं. त्यावर सोल्युशन लावून, टेप गुंडाळून काही होत नाही. टेप पेट्रोलच्या वाफेनं आठवड्यात सुटते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर. क्लिपाही नव्या घ्या. त्या स्वस्त असतात आणि जुन्या क्लिपा गोल राहिलेल्या नसतात.

आता हळदीबद्दल. तुमच्याकडं हळद शिजवून, वाळवून ड्रममध्ये पॉलिश होते तेव्हा पिवळी धूळ कुठं कुठं जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती घडीच्या कपड्यांत जाते, तर फिल्टरमध्ये जाणारच. चोक झालेला फिल्टर मात्र उलटा रोग देतो. हवा अडते, मिश्रण घट्ट होतं, प्लग काळा पडतो, मोठ्या रेसवर गाडी गुदमरते. तुमच्या मेकॅनिकनं फिल्टर काढला तेव्हा दोन दिवस 'बरं वाटलं', याचा अर्थ फिल्टर थोडाफार भरलेला असेलही. पण खरा रोग पातळ मिश्रणाचा होता, आणि फिल्टर काढून आपण त्यात भरच घातली. शिवाय तुमचा कार्बोरेटर जुन्या राजदूतसारखा साधा नाही. त्यात रबरी डायफ्रॅम आहे. तुम्ही मूठ फिरवता तेव्हा फक्त एक झडप उघडते. पिस्टनसारखा स्लाइड आणि त्याची सुई वर उचलते ती हवेची ओढ. त्या ओढीचा सगळा हिशोब फिल्टरचा डबा बंद आहे, फिल्टर जागेवर आहे, असं धरून केलेला असतो. डबा उघडा पडला की स्लाइड कधी उचलला जातो, कधी नाही. शंभरच्या पुढं न जाण्याचं मूळ मला इथं दिसतं.

त्यातून हळद पॉलिश करणाऱ्या घरात बिनफिल्टरची गाडी, म्हणजे बोरमध्ये रोज चिमूटभर घासणीची पावडर टाकण्यासारखं. आज इंजिन शाबूत आहे. असंच दोन हंगाम चाललं तर वडिलांचं म्हणणं खरं होईल. म्हणून बाकी काहीही करण्याआधी नवा फिल्टर बसवा, डब्याचं झाकण आणि त्याचं रबरी पॅकिंग नीट बसलंय का बघा. तोपर्यंत मोठी रेस बंद. पातळ मिश्रणावर जोरात पळवलेल्या गाडीचं पिस्टन तापून वितळल्याची उदाहरणं आहेत. फिल्टर कागदी असेल तर तो धुऊ नका. झटका, आतून बाहेर हलकी हवा मारा, नाहीतर बदला. पॉलिशच्या दिवसांत गाडी ड्रमच्या वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावू नका, आणि कंपनीनं सांगितलेल्या निम्म्या अंतरातच डबा उघडत जा. डबा उघडलाच आहे तर आत उंदरानं घर केलंय का तेही बघा. हसू नका. धान्याच्या आणि हळदीच्या घरात फिल्टरच्या डब्याइतकी ऊबदार, अंधारी, सुरक्षित जागा उंदराला दुसरी मिळत नाही.

तिसरा उघडा दरवाजा सायलेन्सरचा. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण पुण्याहून आलेल्या, पोरांच्या हातातून गेलेल्या २२० ला मूळ सायलेन्सर असेल यावर मी पैज लावणार नाही. खालून वाकून बघा. मोठ्या आवाजाचा पोकळ सायलेन्सर असेल, किंवा मूळ सायलेन्सरच्या आतली जाळी कापलेली असेल, तर धूर जास्त मोकळा बाहेर पडतो आणि मिश्रण आणखी पातळ होतं. सायलेन्सर जिथं इंजिनला जोडतो तिथली गॅस्केट फुटली असेल तरी रेस सोडल्यावर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि फटाके फुटतात. त्या जोडाभोवती काळी काजळी दिसली तर समजा, तिथून श्वास चाललाय. जुनी गाडी घेताना आपण मीटर बघतो, टायर बघतो, रंग बघतो. आधीच्या मालकानं गाडी 'सुधारण्यासाठी' काय काय केलं, ते मात्र विचारत नाही. अनुभव असा की जुन्या गाडीतले अर्धे बिघाड म्हणजे कुणाच्या तरी सुधारणा असतात.

आता प्लग. पत्रात 'प्लग बदलला' असं एकवचन आहे, आणि मी तिथंच थांबलो. तुमच्या इंजिनला प्लग दोन आहेत, हेडच्या समोरासमोरच्या बाजूंना. डीटीएस-आयमधली जुळी ठिणगी ती हीच : आग दोन्ही कडांनी लागते, म्हणून लवकर आणि पूर्ण जळतं. याचा एक तोटा असा की एक प्लग मेला तरी गाडी चालते. बंद पडत नाही म्हणून कुणी शोधत नाही. नुसती ताकद कमी होते, स्लो खडबडीत होतो, आणि पातळ मिश्रण पेटवायला एकटा प्लग पुरत नाही. नवीन प्लग हाताला सोपा होता त्या बाजूचा बसवला, दुसरा अवघड म्हणून तसाच राहिला, असं झालं असण्याची शक्यता मला दाट वाटते. तपासायला गाडी बंद करा. एका बाजूची कॅप काढा, त्या कॅपमध्ये एखादा जुना चालू प्लग अडकवून त्याचं लोखंड हेडला टेकवून ठेवा आणि मग गाडी चालू करा. कॅप मोकळी लोंबकळत ठेवून इंजिन फिरवू नका. झटका बसतो आणि कॉइल किंवा सीडीआयला खरंच मार बसू शकतो. एका बाजूची कॅप काढून स्लोमध्ये काहीच फरक पडला नाही, तर त्या बाजूचा प्लग, कॅप किंवा वायर आधीपासूनच मेलेली आहे. मग दुसऱ्या बाजूनं हेच करा. प्लग बदलायचे तर दोन्ही एकदम, एकाच नंबरचे, पुस्तकात दिलेले.

सीडीआय सध्या बदलू नका. बिघडत आलेला सीडीआय मोठ्या रेसवर आधी दगा देतो, आणि चोक ओढल्यानं सुधारत नाही. गॅरेजमध्ये सीडीआय म्हणजे 'काही कळत नाही' या वाक्याचं इलेक्ट्रिक रूप झालंय. त्याच्या आधी बॅटरी बघा, कारण या गाडीची ठिणगी बॅटरीवर चालते. गाडी बंद असताना बारा व्होल्टच्या वर, म्हणजे साडेबाराच्या आसपास, आणि चालू गाडीत जरा रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा, एवढं मीटरवर दिसलं तर बॅटरी आणि चार्जिंगला नावं ठेवू नका.

दोनदा धुतलेल्या कार्बोरेटरबद्दलही शंका आहे. 'धुतला' म्हणजे बहुतेक ठिकाणी वाटी काढून पेट्रोलनं खळबळलं. स्लोचा पायलट जेट मात्र सुईच्या टोकाएवढ्या भोकाचा असतो. त्यात जुन्या पेट्रोलचा राळेसारखा थर बसतो, तो खळबळून निघत नाही. जेट काढा, उजेडाकडं धरा. गोल स्वच्छ प्रकाश दिसला पाहिजे. बंद असेल तर बाइंडिंगची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि पुढचा माणूस वर्षभर डोकं आपटतो. क्लीनरमध्ये भिजवा, पंक्चरच्या दुकानात हवा मारून घ्या. हवा मारण्याआधी डायफ्रॅम काढून ठेवायला सांगा, नाहीतर तो फाटतो.

इथं एक सापळा आहे, आणि त्यात चांगले चांगले मिस्त्री अडकलेले मी बघितलेत. आरएक्स १०० वर हात बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की कार्बोरेटरचा बारीक स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते, आत घेतला की पेट्रोल वाढतं. त्या गाडीत तो हवेचा स्क्रू, फिल्टरच्या बाजूला. तुमच्या गाडीतला, ज्याला बजाजचे लोक व्हीसी स्क्रू म्हणतात, तो इंजिनच्या बाजूला असतो आणि पेट्रोल मिसळलेलं मिश्रण सोडतो. तो बाहेर काढला की मिश्रण घट्ट होतं. म्हणजे जुन्या सवयीनं 'जरा घट्ट करू' म्हणून स्क्रू आत फिरवणारा हात तुमच्या गाडीला आणखी पातळ करत असतो. स्क्रू फिरवण्याआधी तो सध्या किती वळणं बाहेर आहे ते मोजून भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. चुकलं तर परतीची वाट तेवढीच.

फिल्टर, रबर, प्लग, पायलट जेट, या क्रमानं गेलात तर माझ्या अंदाजानं रबरापर्यंतच बरंचसं हाती लागेल. तरीही गरम झाल्यावर बंद पडणं राहिलं, तर दोन जागा उरतात. एक टॅपेट. व्हॉल्व्हची फट कमी झाली असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि स्लो जातो. ही फट पूर्ण थंड गाडीवर, शक्यतो रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, फीलर गेजनं मोजायची असते. कानानं ऐकून टॅपेट लावणारे उस्ताद पूर्वी होते. आज त्यांच्या नावावर चालवणारे जास्त आहेत. 'आवाज नाही म्हणजे टॅपेट मस्त' हे तर साफ चूक, आवाज नसलेलं टॅपेटच बहुधा जास्त घट्ट असतं.

दुसरी जागा टाकीचं झाकण. ही माझीच गोष्ट सांगतो. मी घेतलेली एक जुनी गाडी पंधरा-वीस किलोमीटरवर न चुकता बंद पडायची, दहा मिनिटं थांबलं की न चुकता चालू व्हायची. कॉइल बदलली, कॉक बदलला, एका गॅरेजवाल्यानं हेड खोलायची तारीखही दिली. पेट्रोल भरायला थांबलो आणि पंपावरच्या पोरानं झाकण उघडलं तेव्हा 'हुस्स' असा आवाज आला. तो म्हणाला, 'काका, टाकी हवा ओढायली.' झाकणातलं श्वासाचं भोक मातीनं बुजलं होतं. पेट्रोल खाली जायचं, वर हवा यायची नाही, टाकीत पोकळी व्हायची आणि पेट्रोल थबकायचं. कुंभारीण माशी अशा भोकांत, नळ्यांत मातीचं घर बांधते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. औंढ्याच्या वाटेवर गाडी बंद पडली की झाकण उघडून बघा. हुस्स झालं आणि लगेच चालू झाली, तर एका टाचणीचं काम आहे.

पत्राच्या ताज्या कलमात तुम्ही आणखी चार गोष्टी विचारल्यात. त्यांची उत्तरं थोडक्यात.

'पुण्याच्या हवेची सेटिंग इथं चालत नाही, असं मेकॅनिक म्हणतो. खरं का?' – नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर, हिंगोली साडेचारशेच्या आसपास. शंभर मीटरनं कार्बोरेटरला काही कळत नाही. लडाखला निघालात तर बोलू.

'सगळे म्हणतात, इथेनॉलच्या पेट्रोलनं गाड्या बिघडल्या. माझी त्यानंच बिघडली का?' – एकट्यानं नाही, पण हातभार असू शकतो. त्याचा हिशोब समजून घ्या, म्हणजे चहाच्या टपरीवरच्या भांडणात उपयोगी पडेल. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं की गरज साडेतेरा किलोच्या जवळ येते. तुमच्या जेटचं भोक मात्र तेवढंच, हवा तेवढीच. म्हणजे निव्वळ पेट्रोलसाठी बेतलेली कार्बोरेटरची गाडी ई-२० वर सात-आठ टक्के पातळ चालते. ऑक्सिजन सेन्सर असलेली नवी इंजेक्शनची गाडी हे स्वतःच सुधारून घेते, तुमची घेत नाही. तंदुरुस्त गाडीला एवढा फरक झेपतो, व्हीसी स्क्रू थोडा बाहेर काढला तरी स्लो सावरतो. पण चिरलेलं रबर, काढलेला फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर यांच्यावर ही चौथी भर पडली की गाडी मिसिंग मारणारच. ई-२० साठी बनवलेले पाइप आणि रबरं २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत आले, तुमच्या गाडीतली त्याआधीची आहेत. तेव्हा कार्बोरेटरचं रबर बदलताना पेट्रोलचा पाइपही बदलून घ्या.

इथेनॉल पाणी शोषतं, ही दुसरी गोष्ट. गाडी महिनाभर उभी राहिली, झाकणातून पावसाचं पाणी गेलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळं साचतं, आणि कॉकमधून पहिल्यांदा तेच खाली येतं. कार्बोरेटरच्या वाटीला खाली स्क्रू असतो. तो सैल करून काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढा. तळाला पाण्याचे थेंब, गंजाची भुकटी दिसली, तर जेट कितीही धुवा, टाकी साफ होईपर्यंत तो पुन्हा भरणार. रस्त्याकडेला बाटलीत विकलं जाणारं पेट्रोल टाळा. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपरची आणि घनतेची तपासणी मागता येते, तो तुमचा हक्क आहे. लाजू नका.

'चालत्या गाडीत एकाच वेगानं जाताना खालून गचके बसतात, तेही मिसिंगच का?' – हे विचारलंत ते फार बरं केलंत. ते बहुधा इंजिन नाहीच, चेन आहे. जुन्या चेनच्या काही कड्या घट्ट होतात, काही ताणतात. मागचं चाक उचलून हातानं हळू फिरवा आणि चेनचा ढिलेपणा ठिकठिकाणी बोटानं बघा. एका जागी तंग आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर चेन-स्प्रॉकेटचा संच बदला. इंजिनचे झटके आणि चेनचे गचके ओळखायचे तर धावत्या गाडीत क्लच दाबून हलकी रेस द्या. रेस गुळगुळीत चढली तर दोष चेनचा.

'सायलेन्सर आणि कागदपत्रांचं काय?' – मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं गाडीत असे बदल करायला बंदी आहे, दंड होतो, सायलेन्सर जप्त होतो. पण मी दंडासाठी सांगत नाही. मूळ सायलेन्सर परत बसवलात तर गाडी आपोआप अर्धी सुधारेल. कागदांत फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी तुमच्या नावावर झालीय का, आणि आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर फॉर्म ३५ नं फायनान्सची नोंद उतरलीय का, एवढं हिंगोलीच्या आरटीओत बघून घ्या. एमएच १२ चा नंबर बदलून एमएच ३८ करायची गरज नाही.

फिल्टर आणि रबर बसवलंत की गाडी सकाळी थंड असताना चालू करा, नर्सीपर्यंत एक फेरी मारा, तीही हाफ रेसवर, एकाच वेगानं. परत आल्यावर स्लोवर खेळत बसू नका. क्लच दाबा, लगेच गाडी बंद करा, गार होऊ द्या आणि दोन्ही प्लग काढा. टोकाची चिनीमाती बिस्किटाच्या रंगाची असेल तर काम झालं. पांढरीफटक असेल तर अजून कुठून तरी हवा येतेय, काळी कोरडी असेल तर आपण उलट टोकाला गेलोय, आणि तेलकट ओली असेल तर वडिलांची माफी मला मागावी लागेल. दोन्ही प्लगांचे फोटो दिवसाउजेडी काढून पाठवा, आणि कुठला प्लग डाव्या अंगाचा, कुठला उजव्या, ते शेजारी चिठ्ठीवर लिहा. मागच्या महिन्यात एका वाचकानं एकाच प्लगचे दोन फोटो पाठवले होते.